मोलोकाईला बिऱ्हाड हलवावं का? विमानं कमी झालेल्या बेटावरचा खर्च

सायली_पोर्टलंड

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला हवाईतल्या मोलोकाई बेटावर फार्मासिस्टची नोकरी सांगून आली आहे. पगार इथल्यापेक्षा बरा, घरभाड्याला हातभार, करार तीन वर्षांचा. तो एका पायावर तयार आहे. मी अजून नाही.

माझा इथे लोणची, चटण्या आणि मसाल्यांचा छोटा धंदा आहे. शनिवारच्या बाजारात स्टॉल लावते, बाकी ऑर्डरी घरून. तिकडे गेल्यावर होनोलुलूच्या बाजारात माल विकता येईल असं डोक्यात आहे. सासूबाई आमच्याबरोबर असतात आणि त्यांना डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला ठरावीक आठवड्यांनी तज्ज्ञाकडे जावं लागतं. तो तज्ज्ञ होनोलुलूलाच भेटेल असं कळलं.

नकाशात बघितलं तर होनोलुलू ते मोलोकाई विमानाने जेमतेम अर्धा तास. म्हणजे पनवेलहून दादरला जाण्यापेक्षा कमी वेळ! पण नवऱ्याच्या ओळखीच्या एका नर्सने सांगितलं, "विमानं पूर्वीसारखी राहिली नाहीत, विचार करून या." याचा रोजच्या खर्चावर नक्की काय परिणाम होतो? तिथे राहणारं कुणी आहे का इथे?

गुलमोहर७

आम्ही माऊईला जाऊन आलो, फार सुंदर. बेटाबेटांमधली तिकिटं आम्हाला स्वस्तातच मिळाली होती. बिनधास्त जा, असा चान्स पुन्हा मिळत नाही.

अळूवडी_होनोलुलू

सायली, गुलमोहर म्हणतात ते माऊईपुरतं खरं आहे. माऊई, कवाई, कोना, हिलो या मार्गांवर मोठी जेट विमानं जातात. २०१९ च्या एप्रिलमध्ये साउथवेस्ट ही विमानकंपनी तिथे उतरली आणि भाव खाली आले. मोलोकाईचं गणितच निराळं. तिकिटाचा भाव बघून ठरवू नकोस. विमानात किती जण बसतात आणि परतीचं शेवटचं विमान किती वाजता आहे, आधी या दोन गोष्टी बघ.

मी २००५ पासून या बेटांवर आहे, आधी माऊईला कहुलुईत, आता होनोलुलूत. कामाने हिशेबनीस. मोलोकाईवरची काही छोटी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत: एक दुकान, एक गॅरेज, दोन शेतकरी. त्यामुळे विमान कमी झालं की काय होतं ते मला लोकांच्या तोंडून नंतर कळतं, खतावणीत आधी दिसतं.

थोडं मागचं सांगते, कारण हे एका दिवसात झालेलं नाही. पूर्वी इथे दोन मुख्य कंपन्या होत्या, हवाईयन आणि १९४६ साली सुरू झालेली अलोहा. अकरा सप्टेंबरनंतर प्रवासी घटले तेव्हा केंद्र सरकारने दोघींना मिळून फेऱ्या कमी करायची खास परवानगी दिली होती, २००२ ते २००३. एरवी असं संगनमत म्हणजे गुन्हा. मग २००६ मध्ये मेसा एअर ग्रुपची 'गो!' आली, ३९ डॉलरला तिकीट, मध्येच १९ डॉलरच्या जाहिराती. आम्ही सगळे खूश. मीसुद्धा त्या काळात उगाचच हिलोला जाऊन यायचे. तिकडे हवाईयनने मेसावर खटला भरला, की आमची गोपनीय माहिती वापरून तुम्ही धंद्यात उतरलात, आणि २००७ मध्ये कोर्टाने मेसाला ८ कोटी डॉलर भरायला सांगितले. पण तोवर अलोहाचा दम संपत आला होता. ३१ मार्च २००८ ला तिचं शेवटचं प्रवासी विमान उतरलं. सुमारे १९०० माणसं घरी बसली. त्यानंतर भाडी चढली आणि १९ डॉलरचा विषयच संपला. 'गो!' सुद्धा २०१४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात आयलंड एअर बंद, अजून चारेकशे नोकऱ्या गेल्या.

त्याच २००८ च्या वसंतात मोलोकाई रँच या तिथल्या मोठ्या जमीनमालक कंपनीनेही हॉटेल, गोल्फ वगैरे सगळं बंद केलं आणि १२० जणांचं काम गेलं. त्याची कारणं वेगळी होती, तिथल्या जमिनीच्या वादात अडकलेली. पण सात हजार वस्तीच्या बेटावर १२० पगार थांबले की काय होतं ते तूच बघ. पाहुणे घटले, पाहुणे घटले म्हणून विमानातल्या जागा रिकाम्या, जागा रिकाम्या म्हणून फेऱ्या कमी.

आता तुझ्या कामाचं. २०१४ पासून हवाईयनची 'ओहाना' ही सेवा मोलोकाईला एटीआर विमान नेत होती, ४८ आसनांचं. कोविडमध्ये ती थांबली आणि २०२१ च्या मे महिन्यात कायमची बंद केल्याचं जाहीर झालं. उरलं ते सेसना कॅराव्हॅन: एक इंजिन, नऊ प्रवासी. चढण्याआधी तुझं स्वतःचंही वजन करतात, लाजायचं नाही. वाईट विमान नाही ते, खिडकीतून समुद्राकाठचे कडे असे दिसतात की बघत राहावं. पण ४८ च्या जागी ९ झाले की नुसत्या जागा कमी होत नाहीत. काही गोष्टी मुळात त्या विमानात मावतच नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्या छोट्या शिडीवरून चढवायचं म्हणजे कसरत. शाळेचा बास्केटबॉल संघ एका विमानात बसत नाही. एखाद्या घरात मयत झालं तर पंधरा नातेवाईक एकत्र येऊ शकत नाहीत, तीन खेपांत येतात, आणि इथे 'ओहाना' म्हणजे कुटुंब तर चुलत-मावस धरून चाळीस जणांचं असतं.

पैशाचं सांगते. माझ्या दुकानदार गिऱ्हाइकाच्या थंडपेटीचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीवाला होनोलुलूहून येतो. पूर्वी तो सकाळी यायचा, काम करायचा, संध्याकाळच्या विमानाने परत. आता सकाळची जागा मिळाली तर संध्याकाळची मिळेलच असं नाही. मग मुक्काम, गाडीचं भाडं, जेवण, आणि दुसऱ्या दिवशीची त्याची मजुरी, कारण तो दिवस त्याचा दुसरीकडे बुडाला. कोकणात आमच्याकडे शेवटची एसटी चुकली की पाहुणा मुक्कामाला, तसंच हे, फक्त इथे पाहुण्याचं बिल येतं. आणि या सगळ्यावर जनरल एक्साइज टॅक्स, ४ टक्के राज्याचा, वर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, अर्धा. तो सेवांवरही लागतो, अन्नधान्यावरही. दुकानदार हा खर्च कुठे घालणार? दुधाच्या किमतीत. त्याच्या खात्यात 'प्रवास व मुक्काम' या सदराखाली जे जातं ते शेवटी दूध नेणाऱ्या म्हातारीच्या पिशवीतून येतं.

दुसरा परिणाम माल साठवण्याचा. सुटा भाग उद्या विमानाने येईल अशी खात्री असली की गॅरेजवाला एकच अल्टरनेटर ठेवतो. खात्री गेली की तीन ठेवतो. ते तीन फळीवर पडून राहतात, त्यात त्याचे पैसे अडकतात, आणि बँकेचं व्याज सुरूच. माझ्या गॅरेजवाल्याचा नफा घटला नाही, हातातली रोकड घटली. ताळेबंद वाचता येत नसेल तर हे दिसत नाही, म्हणूनच ते वर्तमानपत्रात येत नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली. विमानं कमी झाली की बेटावरचा पैसा बेटावर राहील असं वाटतं ना? उलट होतं. होनोलुलूला जाणं अवघड झालं की माणूस डॉक्टरच्या निमित्ताने गेला की सगळंच उरकतो. दोन महिन्यांची खरेदी, टायर, चष्मा, पोरांचे बूट. खोकी बांधून मालवाहू बार्जने पाठवतो. गावातल्या दुकानाला मिळायची ती किरकोळ विक्री तीही जाते. आणि जो मुक्काम पडतो तो होनोलुलूच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात, म्हणजे तो पैसाही इकडे माझ्या बेटावर.

सासूबाईंच्या इंजेक्शनचा हिशेब असाच कर. मोलोकाईवर १५ खाटांचं रुग्णालय आहे आणि माणसं जिवाला जीव देणारी आहेत, पण तज्ज्ञ डॉक्टर सगळे बाहेर. राज्याचा मेडिकेड विमा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा, असलेल्यांना डॉक्टरकडे जायचं विमानभाडं मिळू शकतं. पगारदार माणसाच्या विम्याचं तसं नसतं, तिकीट बहुधा खिशातून. त्यात डोळ्यात इंजेक्शन घेतलेल्या बाईला एकटीला पाठवता येणार नाही, म्हणजे दर वेळी दोन तिकिटं, तुझा एक दिवस, आणि वारा वाढला तर दोन. नवऱ्याच्या पगारातली वाढ त्यात किती टिकते ते कागदावर मांडून बघ. कदाचित टिकेल. पण मांड.

डावा_पंखा

मी टेक्सासात विमानदेखभालीच्या कामात आहे, हवाईत नाही, पण अळूवडीताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो.

लोक विचारतात, अर्ध्या तासाच्या उड्डाणाला इतके पैसे का? कारण विमान तासांवर झिजतं त्याहून जास्त चढउतारांवर झिजतं. दर खेपेला केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, मग उतरतो, पत्रा ताणतो आणि सैल होतो. चाकं, ब्रेक, इंजिन तापणं-निवणं, सगळं खेपेमागे. न्यूयॉर्क-लंडन विमान दिवसात दोनदा उतरेल, हवाईतलं दहा-बारा वेळा. वर खारा वारा. २८ एप्रिल १९८८ ला अलोहाच्या हिलोहून होनोलुलूला निघालेल्या बोइंग ७३७ चं छप्पर हवेत उडालं, त्या विमानाच्या तोवर ८९,६८० खेपा झाल्या होत्या. वय फक्त एकोणीस वर्षं. तेव्हापासून जुन्या विमानांची तपासणी जगभर कडक झाली, ते योग्यच झालं, पण तो खर्च छोट्या मार्गावर तिकिटामागे जास्त बसतो. कॅराव्हॅनमध्ये दाबाची भानगड नाही, तरी चाकं-ब्रेक-इंजिन आहेतच, आणि खर्च वाटून घ्यायला डोकी फक्त नऊ.

दुसरं म्हणजे वैमानिक. अमेरिकेत २०१३ पासून मोठ्या कंपनीत बसायला साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो. पोरं नऊ आसनी विमानांवर तास भरतात आणि भरले की जेटवर जातात. कोविडनंतर मोठ्या कंपन्यांनी धडाधड भरती केली तेव्हा देशभरातल्या छोट्या मार्गांवर विमान उभं पण उडवायला माणूस नाही अशी वेळ आली. मार्ग तोट्यात म्हणून बंद होतो असं सगळे म्हणतात. पुष्कळदा तो माणसांअभावी आधी आजारी पडतो, तोटा नंतर.

सायली_पोर्टलंड

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. नवऱ्याला वाचायला दिलं, तो जरा गप्प झाला आहे.

दोन प्रश्न. लोणच्याच्या बरण्या बार्जने पाठवल्या तर? आणि बोट नाहीच का? बेटं एवढी जवळ आहेत, रो-रो सारखं काही?

अळूवडी_होनोलुलू

नवरे गप्प झाले की विचार करतात, काळजी नको.

बोटीचा किस्सा मोठा आहे. २००७ मध्ये सुपरफेरी म्हणून गाड्या नेणारी भलीमोठी बोट सुरू झाली. कवाईला तिच्यासमोर लोक सर्फबोर्ड घेऊन पाण्यात उतरले, नाविलिविली बंदरात. पर्यावरण आघाताचा अभ्यास न करता परवानगी दिली होती, व्हेलमाशांचा प्रश्न होता, शेवटी २००९ च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि बोट थांबली, कंपनीचं दिवाळं निघालं. माऊई-मोलोकाई अशी एक छोटी फेरीबोट होती, तीही २०१६ मध्ये बंद. आता माणसांसाठी बोट फक्त माऊई-लानाई. काउंटीची कचेरी माऊईवर वायलुकूला, आणि मोलोकाई त्याच काउंटीत. म्हणजे ज्या कामाला समक्ष जावं लागतं त्यालाही विमान!

बार्ज आहे, यंग ब्रदर्सची, आणि बेट जगतं ते तिच्यावरच. पण कोविडमध्ये तीही डबघाईला आली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आयोगाने तिला एका फटक्यात ४६ टक्के भाडेवाढ दिली. विमान कमी झालं की लोक बार्जकडे वळतात, आणि बार्जला दुसरी प्रतिस्पर्धी नाही. अमेरिकेतल्या दोन बंदरांमध्ये माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं, हा १९२० चा जोन्स कायदा आहे, त्यामुळे नवीन कुणी सहजासहजी येत नाही.

तुझी लोणची बार्जने बरी जातील, ती काही नासत नाहीत, उलट मुरतील. काच जड असते, प्लास्टिक नाहीतर पाउच बघ. पण ताज्या चटण्यांचं डोक्यातून काढ. मोलोकाईच्या शेतकऱ्यांचं तेच दुखणं आहे. रताळी, कॉफी, मध चालतो, टिकाऊ आहे. कोवळी पालेभाजी, तुळस, अळूची पानं विमानानेच जायला हवीत, आणि कॅराव्हॅनच्या पोटात जागा किती? माझ्या एका शेतकऱ्याने पालेभाजी बंद करून पूर्ण रान रताळ्याला दिलं. त्याला पैसे बरे मिळतात, पण आता सगळी मदार एका पिकावर. (अळू इथे सहज मिळतं, 'कालो' म्हणतात. वडीची पानं मात्र नीट विचारून घे, काहींना भयंकर खाज असते.)

उलटही करून बघ: होनोलुलूत विकण्यापेक्षा मोलोकाईतच विक. शनिवारी कौनाकाकाईच्या मुख्य रस्त्यावर बाजार भरतो. आणि तिथे चितळ इतके आहेत की घरोघरी शिकार केलेलं मांस फ्रीजरमध्ये असतं. हसू नकोस, ते आपलेच. १८६८ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याला हाँगकाँगहून भेट आले होते, मूळचे भारतातले. चितळाच्या मांसाला लागणारा मसाला तुझ्याकडे आहे आणि त्यासाठी विमान लागत नाही.

म्हापसेकर

सगळं पटलं, पण एक विचारू? विमानं कमी म्हणजे वाईटच असं कशाला? आम्ही गोव्यात बघतो आहोत, विमानतळ एकाचे दोन झाले, आणि गावात राहायला घर भाड्याने परवडेना. मोलोकाईच्या लोकांनाच पर्यटक नको आहेत असं वाचलंय. मग कमी जागांनी त्यांचं भलंच झालं की.

अळूवडी_होनोलुलू

म्हापसेकर, अर्धं खरं बोललात. मोलोकाईवर एकही सिग्नल नाही, एकही मोठं रिसॉर्ट नाही, आणि बहुतेकांना ते तसंच हवंय. माझी गिऱ्हाइकंही हेच म्हणतात. मासे, शिकार, घरची बाग, यावर तिथे बरंच घर चालतं, ते कुठल्याच खतावणीत येत नाही, म्हणून बेट कागदावर दिसतं तितकं गरीब नाही.

पण नऊ आसनी विमान पर्यटकाला आणि केमोथेरपीला निघालेल्या बाईला वेगळं ओळखत नाही. पर्यटकाने तिकीट तीन महिने आधी काढलेलं असतं. ज्याला काल डॉक्टरने "उद्या या" सांगितलं, त्याला जागा नसते. पर्यटक नको असतील तर त्यांना थांबवायचे दुसरे रस्ते आहेत, हॉटेलांना परवाने देऊ नका, भाड्याच्या घरांवर बंधनं घाला. माऊई काउंटी ते करतेही. गावकऱ्यांसाठी काही जागा शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवा, अशी मागणी मी तरी करेन. कलौपापा ही मोलोकाईवरचीच कुष्ठरुग्णांची जुनी वसाहत, जिथे मालाची मोठी बार्ज वर्षातून एकदाच येते, तिथल्या विमानाला केंद्र सरकार पैसे देतं. तत्त्व मान्य आहे म्हणजे. त्याच बेटाच्या वरच्या अंगाला सात हजार माणसं आहेत, त्यांच्याबाबतीत ते बाजारावर सोडलंय, एवढंच माझं भांडण.

सायली_पोर्टलंड

नवऱ्याने आज एच.आर.ला मेल केली. वर्षाला किती विमानतिकिटं देणार, कुटुंबाच्या उपचाराच्या प्रवासाचा खर्च करारात येईल का, आणि विमान रद्द झाल्यामुळे मुक्काम पडला तर ती रजा कुणाच्या खात्यातून. बार्जने सामान आणायचा खर्चही विचारलाय. उत्तर येईपर्यंत सही नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला काय, खिडकीची जागा मिळाली म्हणजे झालं."

आम्ही आधी आठवडाभर येऊन बघायचं म्हणतोय. एप्रिलमध्ये यावं का?

अळूवडी_होनोलुलू

करार वाचताना 'रद्द'च्या पुढे 'उशीर' हाही शब्द घालून घ्या.

एप्रिलमध्ये या, पण ईस्टरनंतरचा आठवडा सोडून. तेव्हा हिलोला मेरी मोनार्कचा हुला महोत्सव असतो आणि अख्खं राज्य तिकडे निघालेलं असतं. आणि मोलोकाईचं विमान मुख्य टर्मिनलवरून मिळेल असं धरून चालू नका, निघायची जागा तिकिटावर नीट वाचा. बॅगा मऊ आणा, कडक सुटकेस त्या विमानात नीट बसत नाही. सासूबाईंना खिडकी मिळेलच, त्या विमानात जवळजवळ सगळ्यांनाच मिळते.